छिंगहाओ आणि आर्टेमिसिनिन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवतापावरचे आजचे सर्वांत प्रभावी औषध, आर्टेमिसिनिन, छिंगहाओ या चिनी वनस्पतीपासून मिळाले, एवढे आता बहुतेकांना ठाऊक असते. त्यापुढचे प्रश्न मात्र वर्षभर येत राहतात आणि पावसाळा लागला की त्यांची संख्या वाढते. पानांचा चहा प्यावा का, रोप कुठे मिळेल, सुनेला दिवस गेले आहेत तर तिला हे औषध चालेल का, अशा प्रश्नांपैकी जे पुन्हा पुन्हा येतात ते येथे उत्तरांसह दिले आहेत. ज्यांना एकच उत्तर वाचण्याइतका वेळ आहे त्यांनी प्रश्न ७ चे उत्तर वाचावे.

१. छिंगहाओ म्हणजे नेमकी कोणती वनस्पती?

छिंगहाओ ही सूर्यफुलाच्या कुळातील, एका वर्षात आयुष्य पूर्ण करणारी वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव आर्टेमिसिया अॅनुआ असे आहे. ती दीड ते दोन मीटर उंच वाढते, तिची पाने गाजराच्या पाल्यासारखी बारीक कातरलेली असतात, आणि फुले इतकी लहान व फिकट पिवळी असतात की दुरून ती फुले आहेत हेही लक्षात येत नाही. पान बोटांत चुरगळले की कापराची आठवण करून देणारा गोडसर वास येतो. तेच पान भिंगाखाली धरले तर त्याच्या पृष्ठभागावर चमकणारे सूक्ष्म ठिपके दिसतात. या ग्रंथी आहेत, आणि ज्या द्रव्यामुळे ही वनस्पती जगभर ओळखली जाते ते आर्टेमिसिनिन त्यांच्यातच तयार होते आणि साठते. वाळलेल्या पानांच्या वजनात त्याचे प्रमाण ०.०१ टक्क्यापासून सुमारे दीड टक्क्यापर्यंत काहीही असू शकते. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढील अनेक उत्तरे त्याच्यावर उभी आहेत.

नावाचाही एक गोंधळ आहे. चीनच्या अधिकृत औषधसंहितेत छिंगहाओ या नावाखाली आर्टेमिसिया अॅनुआच येते. परंतु तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ हेच नाव तिच्या एका भाईबंद जातीसाठी वापरतात आणि त्या जातीत आर्टेमिसिनिन नसते. त्यामुळे पाकिटावर ‘छिंगहाओ’ छापलेले असणे हा आत काय आहे याचा पुरावा ठरत नाही.

२. हा आपला दवणाच आहे का?

नाही, पण विचारणाऱ्यांचे नाक चुकलेले नाही. चैत्रात ज्योतिबाला गुलाल-खोबऱ्यासोबत वाहिला जाणारा दवणा हा याच आर्टेमिसिया प्रजातीतला आहे. त्याची जात वेगळी, आर्टेमिसिया पॅलेन्स. त्याचे मोल सुगंधात आहे आणि त्याचे तेल अत्तरांत जाते. जंतांवर पूर्वी दिला जाणारा किरमाणी ओवाही याच गोतावळ्यातला आहे. एका प्रजातीतल्या असल्या तरी या वनस्पतींची द्रव्ये वेगवेगळी आहेत, आणि हिवतापावर दवण्याचा काढा देण्यास कोणताही आधार नाही.

३. चीनमध्ये ही वनस्पती किती जुन्या काळापासून वापरात आहे?

लिखित पुरावा बावीसशे वर्षांच्या आसपास जातो. हूनान प्रांतातील मावांगत्वी येथे इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद केलेल्या एका थडग्यात, १९७३ साली, रेशमावर लिहिलेली वैद्यकीय हस्तलिखिते सापडली. त्यांत छिंगहाओचा उल्लेख मूळव्याधीवरील उपाय म्हणून येतो. तापाशी तिचे नाते स्पष्टपणे जोडणारा मजकूर चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याचा आहे. त्याने तातडीच्या प्रसंगी हाताशी असावेत अशा उपायांची पोथी लिहिली, आणि थंडी वाजून ठरावीक अंतराने येणाऱ्या तापावर त्यात असे सांगितले की एक मूठ छिंगहाओ दोन शंग पाण्यात, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ४०० मिलिलिटर पाण्यात, भिजवावे, पिळून रस काढावा आणि तो सगळा प्यावा. उकळण्याचा उल्लेख या वाक्यात नाही, आणि दीड हजार वर्षांनंतर हीच गोष्ट महत्त्वाची ठरली (प्रश्न ५ पाहा). पुढे १५९६ साली प्रकाशित झालेल्या ली शिजेन यांच्या प्रसिद्ध औषधिकोशातही तापावरचा हा उपयोग नोंदलेला आहे.

४. पारंपरिक चिनी वैद्य आज ती कशासाठी देतात?

त्यांच्या परिभाषेत छिंगहाओ कडू, तिखट आणि शीत गुणाची आहे. रात्री चढणारा आणि सकाळी उतरणारा बारीक ताप, उन्हाळ्याच्या उष्णतेचे विकार आणि दीर्घ आजारानंतर अंगात मुरलेली कडकी यांवर ती इतर औषधींच्या जोडीने, सहसा ६ ते १२ ग्रॅम मात्रेत, देतात. काढा उकळत आला की ती शेवटी टाकायची असा संकेत आहे. आयुर्वेदातील दोष आणि वीर्य यांच्या कल्पना परिचित असणाऱ्या मराठी वाचकाला ही मांडणी ओळखीची वाटेल, परंतु दोन्ही शास्त्रांच्या संज्ञा एकास एक जुळत नाहीत. या वापरांपैकी हिवतापावरील उपयोग आधुनिक चाचण्यांतून सिद्ध झाला, तोही वनस्पतीतील शुद्ध द्रव्याचा. उरलेल्या वापरांबाबत तशा दर्जाचा पुरावा उपलब्ध नाही.

५. सगळे जुन्या ग्रंथात होतेच, मग यूयू तू यांना नोबेल कशाबद्दल मिळाले?

हा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

व्हिएतनाम युद्धात जंगलात लढणाऱ्या सैनिकांना गोळ्यांइतकाच हिवताप मारत होता आणि क्लोरोक्विन हे हिवतापावरचे तेव्हाचे औषध त्या भागातील परजीवीवर, म्हणजे हिवतापाच्या जंतूवर, चालेनासे झाले होते. उत्तर व्हिएतनामच्या विनंतीवरून चीनने २३ मे १९६७ रोजी एक गुप्त संशोधन प्रकल्प सुरू केला आणि त्या तारखेवरूनच त्याला ‘प्रकल्प ५२३’ असे नाव पडले. बीजिंगच्या पारंपरिक वैद्यक अकादमीतील यूयू तू १९६९ च्या आरंभी त्यात आल्या. त्यांच्या गटाने जुन्या ग्रंथांतून आणि वैद्यांकडून सुमारे २,००० पाठ गोळा केले, त्यांतील ६४० एका वहीत संकलित केले आणि जवळपास २०० वनस्पतींचे ३८० अर्क उंदरांवर तपासले. छिंगहाओचा अर्क त्यांत होता, पण त्याचा निकाल एकदा आशादायक यायचा आणि पुढच्या वेळी निराश करायचा. इतर वनस्पती त्याच्या पुढे होत्या.

तू पुन्हा ग्रंथांकडे वळल्या आणि गे होंगच्या त्या वाक्याशी थांबल्या. पाण्यात भिजवून पिळायचे असेल तर उकळण्याच्या नेहमीच्या पद्धतीत गुणकारी द्रव्य नष्ट होत असेल काय, असा विचार त्यांनी केला. मग पाणी सोडून त्यांनी इथर वापरले, कारण इथर ३५ अंश सेल्सिअसलाच उकळते आणि कमी उष्णतेत अर्क निघतो. त्या अर्काचा आम्लधर्मी भाग विषारी आणि निरुपयोगी होता, तो वेगळा केला. उरलेला उदासीन भाग म्हणजे नमुना क्रमांक १९१. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी त्याने उंदरांतील परजीवींचा शंभर टक्के नायनाट केला. सांस्कृतिक क्रांतीच्या त्या काळात औषध कारखाने बंद होते, म्हणून पुढच्या चाचण्यांसाठी लागणारा अर्क पाणी साठवण्याच्या घरगुती रांजणांत काढला गेला. इथरच्या वाफांत काम करून सहकारी आजारी पडले, आणि तू यांना स्वतःलाही यकृताचा विकार जडला. १९७२ च्या जुलैमध्ये त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी तो अर्क आधी स्वतः घेतला, त्यानंतर हायनान बेटावरील २१ रुग्णांना दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शुद्ध स्फटिक हाती आले.

ग्रंथाने दिशा दिली, यात शंका नाही. परंतु ग्रंथात मूळव्याधीपासून तापापर्यंत शेकडो वनस्पतींचे हजारो उपयोग आहेत, आणि त्यांतला कोणता खरा, कोणत्या रीतीने आणि किती मात्रेत, हे ग्रंथ सांगू शकत नव्हता. ते शोधून दाखवल्याबद्दल तू यांना २०११ साली लास्कर पारितोषिक आणि २०१५ साली वैद्यकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती आणि परदेशातले शिक्षणही नव्हते. हे यश एकट्या व्यक्तीचे नव्हते, प्रकल्पातील अनेक संस्थांनी त्यात भर घातली, हे त्या स्वतःही सांगत आल्या आहेत. आज सर्वत्र वापरली जाणारी आर्टिमेथर आणि आर्टेसुनेट ही रूपे चीनमधील इतर गटांनीच बनवली.

६. हे द्रव्य परजीवीला मारते कसे?

आर्टेमिसिनिनच्या रेणूत ऑक्सिजनच्या दोन अणूंचा एक पूल असतो. हिवतापाचा परजीवी आपल्या लाल पेशीत शिरून तेथील हिमोग्लोबिन खातो आणि त्यातून लोहयुक्त हीम मोकळे होते. या लोहाच्या संपर्कात तो पूल तुटतो, अतिशय क्रियाशील तुकडे तयार होतात आणि ते परजीवीची प्रथिने निकामी करतात. ज्या पेशीत परजीवी नाही तेथे मोकळे हीम जवळपास नसते, म्हणून निरोगी पेशी बऱ्याच अंशी बचावतात. परजीवीच्या ४८ तासांच्या एका जीवनचक्रात रक्तातील त्यांची संख्या सुमारे दहा हजारपटीने खाली येते. इतक्या झपाट्याने काम करणारे दुसरे हिवतापविरोधी औषध नाही.

७. मग पानांचा चहा किंवा काढा प्यायला तर हिवताप बरा होईल का?

होणार नाही, आणि हा प्रयोग करू नये. एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम वाळलेली पाने टाकून केलेल्या चहाचे मोजमाप झालेले आहे. त्यात सुमारे ९५ मिलिग्रॅम आर्टेमिसिनिन उतरले, म्हणजे उपचाराला लागणाऱ्या दैनिक मात्रेच्या पाचव्या हिश्शाहूनही किंचित कमी. ही स्थितीही चांगल्या वाणाच्या पानांची आहे. प्रश्न १ मध्ये सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या पाकिटात याचा शंभरावा भागही असू शकतो, आणि रंगावरून किंवा कडवटपणावरून ते ओळखता येत नाही. काँगोमध्ये या चहाची क्विनिन या हिवतापावरच्या जुन्या औषधाशी तुलना करणारी चाचणी झाली तेव्हा सातव्या दिवशी चहा घेणाऱ्यांपैकी सरासरी ७४ टक्के, तर क्विनिन घेणाऱ्यांपैकी ९१ टक्के रुग्ण परजीवीमुक्त होते, आणि चहाच्या गटातील पुष्कळांचा आजार नंतरच्या आठवड्यांत उलटला.

खरा धोका या ७४ टक्क्यांतच आहे. चहाने ताप उतरतो, माणूस बरा वाटून कामाला लागतो आणि रक्तात उरलेले परजीवी पुन्हा वाढू लागतात. फाल्सिपेरम या परजीवीच्या घातक जातीमुळे होणाऱ्या हिवतापात ही दिरंगाई मेंदूपर्यंत जाऊ शकते. शिवाय अपुऱ्या मात्रेतून वाचलेल्या परजीवींत औषधाला न जुमानणारे टिकून राहतात (प्रश्न ११ पाहा). या कारणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पुन्हा स्पष्ट केले की हिवतापाच्या उपचारासाठी किंवा प्रतिबंधासाठी आर्टेमिसियाची पाने, चहा, भुकटी वा कॅप्सूल अशा कोणत्याही वनस्पतिरूप वापराला तिचा पाठिंबा नाही.

८. गडचिरोलीला किंवा आफ्रिकेला जाण्यापूर्वी प्रतिबंध म्हणून घेता येईल का?

नाही. आर्टेमिसिनिन काही तासांतच शरीरातून निघून जाते, आणि डास चावल्यावर परजीवी आधी ज्या यकृतात वाढतो तेथे त्याचा उपयोग होत नाही. प्रतिबंधासाठी वेगळ्या गोळ्या असतात. त्या डॉक्टरांना प्रवासाचे ठिकाण सांगून घ्याव्यात, आणि मच्छरदाणी सोबत न्यावीच.

९. डॉक्टरांनी आर्टेसुनेटच्या जोडीला दुसरे औषध का दिले?

कारण आर्टेमिसिनिनवर्गीय औषध जोरदार पण अल्पजीवी असते. ते तीन दिवसांत परजीवींचा मोठा साठा संपवते आणि मागे उरलेल्यांचा निकाल रक्तात कित्येक दिवस टिकणारे जोडीचे औषध लावते. अशा जोडीला एसीटी म्हणतात. एकेरी गोळी घेतली तर आजार उलटण्याचे प्रमाण बरेच असते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली तोंडाने घ्यायच्या एकेरी गोळ्या बंद करण्याचे आवाहन केले आणि भारतानेही त्यांच्यावर बंदी घातली.

भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फाल्सिपेरमसाठी आर्टेसुनेटसोबत सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन दिले जाते. ईशान्येकडील राज्यांत ही जोडी नीट चालेनाशी झाल्याने तेथे आर्टिमेथर-ल्युमफँट्रिन वापरतात. आशा सेविकेच्या पिशवीतील पाकिटे वयानुसार वेगवेगळ्या रंगांची असतात: तान्ह्या बाळासाठी गुलाबी, १ ते ४ वर्षांसाठी पिवळे, ५ ते ८ साठी हिरवे, ९ ते १४ साठी लाल आणि त्यापुढे पांढरे. घरात दोन वयांचे रुग्ण असतील तर पाकिटांची अदलाबदल होऊ देऊ नये. ल्युमफँट्रिन असलेली गोळी दुधासोबत किंवा जेवणानंतर घ्यावी, कारण स्निग्ध पदार्थाशिवाय ते अंगात नीट शोषले जात नाही.

१०. मला मुंबईत हिवताप झाला आणि फक्त क्लोरोक्विन व प्रायमाक्विन दिले. उपचार चुकला का?

बहुधा नाही. मुंबईत आढळणाऱ्या हिवतापात व्हायव्हॅक्स जातीचा वाटा मोठा असतो, आणि त्यावर भारतात क्लोरोक्विन अजूनही काम करते. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उठतात. त्यांच्यावर आर्टेमिसिनिन चालत नाही, त्यासाठी प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा क्रम लागतो आणि तो अर्धवट सोडल्यामुळेच ‘मला दरवर्षी हिवताप होतो’ असे म्हणणारे अनेक जण भेटतात. प्रायमाक्विनपूर्वी जी-६-पीडी या विकराची कमतरता नाही ना हे डॉक्टरांना विचारावे. गरोदर स्त्रियांना ते देत नाहीत. गडचिरोलीच्या जंगलातील गावांत चित्र उलटे असते. तेथे फाल्सिपेरम अधिक, म्हणून एसीटीही अधिक. कोणता परजीवी आहे हे रक्ततपासणीशिवाय कोणालाही सांगता येत नाही.

११. दुसऱ्या दिवशीच ताप उतरला. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवू का?

ठेवू नका, क्रम पूर्ण करा. ताप उतरणे म्हणजे परजीवींची संख्या तापापुरती खाली आली एवढेच. पश्चिम कंबोडियात २००८-०९ च्या सुमारास असे रुग्ण नोंदले गेले की ज्यांच्या रक्तातून परजीवी पूर्वीइतक्या वेगाने नाहीसे होत नव्हते. २०१४ साली या मंदगतीमागे केल्च-१३ या जनुकातील बदल असल्याचे समोर आले, आणि नंतर असेच बदल रवांडा व युगांडातही स्वतंत्रपणे उद्भवले. क्लोरोक्विन हातचे गेले तेव्हा आर्टेमिसिनिन होते. आज त्याच्या जागी ठेवावे असे दुसरे औषध तयार नाही.

१२. गंभीर हिवतापात इंजेक्शन देतात तेही याच वनस्पतीचे का?

होय, आर्टेसुनेट हे आर्टेमिसिनिनपासूनच बनवतात. भारतासह आशियातील चार देशांत झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत गंभीर रुग्णांपैकी क्विनिनच्या गटात २२ टक्के, तर आर्टेसुनेटच्या गटात १५ टक्के मृत्यू झाले. आफ्रिकेतील मुलांवरील २०१० च्या चाचणीत हे आकडे १०.९ आणि ८.५ टक्के होते. या वनस्पतीच्या आरोग्यलाभाविषयी कोणी एकच गोष्ट विचारली तर मी हे चार आकडे सांगतो.

रुग्ण शुद्धीवर येऊन गिळू लागला की एसीटीचा पूर्ण क्रम द्यावाच लागतो. इंजेक्शननंतर एक ते तीन आठवड्यांनी काही रुग्णांत लाल पेशी अचानक फुटून हिमोग्लोबिन घसरते. म्हणून घरी गेल्यावर लघवी गडद झाली, धाप लागली किंवा चेहरा पांढुरका दिसू लागला तर रक्त तपासून घ्यावे.

१३. गरोदरपणात हे औषध चालते का?

येथे पान आणि गोळी यांची उत्तरे वेगळी आहेत. पानांचा चहा, भुकटी किंवा या वनस्पतीची पूरके (कॅप्सूल वगैरे) गरोदरपणात घेऊ नयेत, कारण प्राण्यांवरील प्रयोगांत आर्टेमिसिनिनवर्गीय द्रव्यांनी गर्भाला इजा झाल्याचे दिसले आहे. पूर्वी याच भीतीने पहिल्या तीन महिन्यांत फक्त क्विनिन देत. नंतर गरोदर स्त्रियांची माहिती साठत गेली आणि भीतीच्या प्रमाणात अपाय दिसला नाही. उलट उपचार न झालेला हिवताप आई आणि बाळ दोघांनाही धोक्यात घालतो. म्हणून २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने साध्या फाल्सिपेरम हिवतापात पहिल्या तीन महिन्यांतही आर्टिमेथर-ल्युमफँट्रिनची शिफारस केली. आपल्याकडे कोणते औषध द्यायचे हे डॉक्टर राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार ठरवतील. त्यांना दिवस गेल्याची शंका असली तरी ती सांगावी.

१४. कर्करोग, कोविड, सांधेदुखी यांवर छिंगहाओच्या कॅप्सूल विकल्या जातात. उपयोग होतो का?

कर्करोगाच्या पेशींत लोह अधिक असते आणि प्रयोगशाळेत आर्टेमिसिनिन त्यांना मारते, हे खरे आहे. प्रश्न ६ वाचल्यावर त्याचे कारणही लक्षात येईल. पण काचेच्या बशीतील पेशी मारणारी द्रव्ये असंख्य आहेत, आणि आर्टेमिसिनिनला कर्करोगावरील औषध म्हणून मान्यता मिळालेली नाही. त्याच्या भरवशावर केमोथेरपी पुढे ढकलू नये, ही विनंती मी हात जोडून करतो. कोविडच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, मादागास्करच्या राष्ट्राध्यक्षांनी या वनस्पतीचे एक पेय उपाय म्हणून जाहीर केले होते. ते गुणकारी असल्याचा पुरावा पुढे आला नाही. सांधेदुखीसाठी विकल्या जाणाऱ्या अर्काबाबत न्यूझीलंडमध्ये २०१८ साली यकृताला इजा झाल्याच्या नोंदींवरून सरकारी इशारा द्यावा लागला.

१५. दुष्परिणाम कोणते, आणि कोणी सावध राहावे?

ठरलेल्या मात्रेतील तीन दिवसांचा एसीटी क्रम बहुतेकांना सोसतो. मळमळ, चक्कर, भूक मंदावणे एवढ्यावर निभावते. महिनोन्महिने घेतलेल्या पूरकांची गोष्ट वेगळी आहे. यकृताचे दुखणे असलेल्यांनी ती टाळावीत. आर्टेमिसिनिन यकृतातील विकरांना चालना देते, त्यामुळे काही दिवसांत त्याची स्वतःचीच रक्तातील पातळी घसरते आणि एचआयव्ही किंवा फिट्सची काही औषधेही लवकर नष्ट होऊ शकतात. शेवंती, झेंडू किंवा गाजरगवताची अॅलर्जी असणाऱ्यांनी पानांना हात लावतानाही जपावे, कारण कुळ तेच आहे. उत्तर चीनमध्ये शरद ऋतूत सर्दी-शिंकांचे एक प्रमुख कारण आर्टेमिसियाचे परागकणच असतात. गरोदरपणासाठी प्रश्न १३ पाहा.

१६. महाराष्ट्रात लागवड करून उत्पन्न मिळेल का?

पीक भारतात येते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने त्याचे ‘जीवनरक्षा’ आणि ‘सिम-आरोग्य’ यांसारखे वाण विकसित केले आहेत. बी धुळीसारखे बारीक असते, एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक दाणे भरतात, म्हणून वाळूत मिसळून वाफ्यात रोपे करावी लागतात. दिवस लहान झाले की झाड फुलोऱ्यावर येते, आणि फुलोऱ्याच्या तोंडावर कापणी केली तर पानांत आर्टेमिसिनिन भरपूर असते. पाला सावलीत वाळवून काड्या वेगळ्या कराव्या लागतात.

अडचण शेतात नाही, बाजारात आहे. या मालाला स्थानिक बाजार समितीत गिऱ्हाईक नसते, तो फक्त अर्क काढणारे कारखाने घेतात, आणि जगभरच्या लागवडीप्रमाणे भाव एका हंगामात चढून दुसऱ्यात कोसळल्याचा इतिहास आहे. २०१३ पासून यीस्टच्या मदतीनेही आर्टेमिसिनिन औद्योगिक प्रमाणावर बनवता येऊ लागले आहे. त्यामुळे कारखान्याशी लेखी करार, त्यात किमान भाव आणि पानांतील आर्टेमिसिनिनचे प्रमाण कोण व कुठे मोजणार हे नमूद झाल्याखेरीज बी विकत घेऊ नये. कुंडीत एखादे रोप वासासाठी लावायला हरकत नाही; फक्त त्याची पाने तापाच्या दिवशी चहात पडणार नाहीत, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे.